विश्लेषण : इंजिन एका गाडीचे, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा... ‘प्रोजेक्ट ट्रक’मध्ये हे लग्न जुळते कसे?

जुन्या अमेरिकी पिकअप ट्रकमध्ये डिलिव्हरी व्हॅनमधून काढलेले कमिन्स डिझेल इंजिन बसवण्याच्या चित्रफिती मोबाइलवर तासन् तास पाहणारे आपल्याकडेही कमी नाहीत. साखळीला लटकलेले इंजिन, खाली जॅकवर गिअरबॉक्स, दोन धक्के आणि पुढच्याच दृश्यात गाडी धूर सोडत निघालेली. प्रत्यक्षात या दोन दृश्यांच्या मधल्या कामातच सगळा प्रकल्प तरतो किंवा बुडतो. बोल्टची भोके जुळली, हाउसिंग घट्ट टेकले, तरीही काही महिन्यांत क्लच फाटतो, गिअर आपोआप सुटतो. असे का होते? इंजिन आणि गिअरबॉक्स नेमके कशाने जोडले जातात? आणि असा उद्योग भारतात करता येतो का?

‘प्रोजेक्ट ट्रक’ म्हणजे काय?

अमेरिकेत पिकअप ट्रक हे केवळ मालवाहू वाहन नाही. शेतकरी, सुतार, प्लंबर यांच्याबरोबरच निव्वळ हौस म्हणून तो बाळगणारेही लाखो आहेत. १९७०-८० च्या दशकातल्या शेव्हर्ले, फोर्ड किंवा डॉज पिकअपची चासी आजही दणकट असते, पण मूळचे आठ सिलिंडरचे पेट्रोल इंजिन थकलेले आणि खादाड झालेले असते. असा ट्रक स्वस्तात घ्यायचा आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या गॅरेजमध्ये त्यात दुसरे इंजिन बसवायचे, हा तिथला जुना छंद. महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे चालणाऱ्या या कामाला ‘प्रोजेक्ट’ म्हणतात. अर्धवट सोडलेले प्रोजेक्ट विकत घेऊन पुरे करणारेही असतात, आणि विकण्याचे कारण बहुतेकदा इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडापाशीच सापडते.

या कामासाठी सर्वाधिक मागणी असलेल्या इंजिनांपैकी एक म्हणजे कमिन्सची ‘बी’ मालिका. कमिन्स आणि शेतीयंत्रे बनवणारी केस या दोन कंपन्यांनी मिळून ती विकसित केली. १९८० च्या दशकात नॉर्थ कॅरोलायनातील रॉकी माउंट इथल्या कारखान्यातून ती बाहेर पडू लागली. सिलिंडरचा व्यास १०२ मिमी आणि स्ट्रोक १२० मिमी. चार सिलिंडरचे ३.९ लिटरचे इंजिन म्हणजे ‘४बीटी’ आणि सहा सिलिंडरचे ५.९ लिटरचे म्हणजे ‘६बीटी’. यातला ‘टी’ टर्बोचा. १९८९ च्या डॉज रॅम पिकअपमध्ये ६बीटी आले तेव्हा त्याची ताकद २,५०० फेऱ्यांना १६० अश्वशक्ती आणि टॉर्क ४०० पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ५४२ न्यूटन-मीटर होता. ४बीटी मात्र प्रामुख्याने ब्रेड आणि चिप्स दुकानोदुकानी पोहोचवणाऱ्या उंच चौकोनी व्हॅनमध्ये बसे. त्या व्हॅन भंगारात निघाल्या की इंजिन छंदिष्टांच्या हाती लागते.

पंप पूर्णपणे यांत्रिक, संगणक नाही, इंधन आणि सेल्फपुरती वीज मिळाली की इंजिन चालते. जोडकाम करणाऱ्याला हा साधेपणा हवाच असतो. वजन हा त्याचा तोटा. शेव्हर्लेचे लोकप्रिय लहान व्ही-८ पेट्रोल इंजिन सुमारे २६० किलोचे असते, ४बीटी ३४० किलोच्या आसपास आणि ६बीटी जवळपास ५०० किलोचे. पुढच्या स्प्रिंग बदलण्याची तयारी ठेवूनच कामाला हात घालावा लागतो.

भोके जुळली की काम झाले का?

इंजिनाच्या मागच्या तोंडावर फ्लायव्हील असते, त्यावर क्लच आणि या दोन्हींना झाकणारे घंटेच्या आकाराचे हाउसिंग म्हणजे बेल हाउसिंग. गिअरबॉक्स या हाउसिंगला बोल्टने जोडला जातो. अडचण अशी की, प्रत्येक कंपनीची भोकांची मांडणी वेगळी. शेव्हर्लेचा गिअरबॉक्स फोर्डच्या इंजिनाला बसत नाही. फोर्डच्याच दोन इंजिनांची भोके एकमेकांशी जुळतील याचीही खात्री नसते.

ट्रक, जनरेटर आणि बांधकाम यंत्रांच्या जगात हा गोंधळ बऱ्याच आधी आवरला गेला. सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनीअर्स, म्हणजे ‘एसएई’ या संस्थेने हाउसिंगची मापे क्रमांकांत बांधली. क्रमांक जितका लहान, तितके हाउसिंग मोठे. ‘एसएई ३’ हाउसिंगचा आतला गोल ४०९.५८ मिमी व्यासाचा आणि त्याभोवती ४२८.६२ मिमी व्यासाच्या वर्तुळावर १२ बोल्ट. ‘एसएई २’चा गोल ४४७.६८ मिमी आणि ‘एसएई १’चा ५११.१८ मिमी. इंजिन कोणाचेही असो, मागे ‘एसएई ३’ असेल तर त्या मापाचे कोणतेही हाउसिंग त्यावर टेकते. पुण्यात पंपासाठी घेतलेले इंजिन आणि अमेरिकेत ट्रकवरचे इंजिन यांच्या पाठीवर एकच माप निघू शकते, ते या प्रमाणामुळे.

कमिन्सच्या बी मालिकेत आणखी एक सोय आहे. ब्लॉकच्या मागे वेगळे हाउसिंग बोल्टने लागते आणि ते गिऱ्हाइकानुसार बदलते. एसएई मापाचे, डॉजच्या गिअरबॉक्सचे, फोर्डचे, जनरल मोटर्सचे असे अनेक प्रकार आहेत. त्यामुळे भंगारातून इंजिन घेताना ते कोणत्या गाडीतून निघाले, याला महत्त्व येते. जनरल मोटर्सच्या चासीवरच्या व्हॅनमधले ४बीटी असेल तर त्याच्या मागे जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्सची भोके बहुधा आयती मिळतात. इंजिन स्वस्त मिळाले म्हणून हाउसिंग, फ्लायव्हील आणि सेल्फ न घेता येणाऱ्याला पुढे हे तीन भाग शोधताना इंजिनाइतकेच पैसे मोजावे लागू शकतात. हे तिन्ही एकमेकांवर अवलंबून असतात. फ्लायव्हीलच्या रिंग गिअरचा व्यास आणि दात बदलले की सेल्फ बदलतो, आणि सेल्फची जागा हाउसिंगवर ठरलेली असते.

हाउसिंग मिळालेच नाही तर दोन्ही बाजूंची भोके असलेली जाड अॅडाप्टर प्लेट मधे घालतात. चित्रफितींत सर्वात चमकदार दिसणारा भाग हाच. पण भोके जुळणे हा या कामातला सर्वात सोपा टप्पा आहे.

मग खरा जोड कुठे असतो?

तो असतो दोन शाफ्टच्या अक्षांत. इंजिनाचा क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट हे एकाच सरळ रेषेत फिरले पाहिजेत. क्लच दाबलेला नसतो तेव्हा दोन्ही जणू एकच दांडा होऊन फिरतात. त्यांचे मध्य जरा जरी सरकलेले असले, तरी प्रत्येक फेरीत इनपुट शाफ्ट वाकवला जातो. मिनिटाला दोन हजार वेळा.

इथे बोल्टचा उपयोग नसतो. १० मिमीच्या बोल्टसाठी साधारण ११ मिमीचे भोक पाडतात, म्हणजे बोल्टला सगळीकडून अर्धा मिमी मोकळीक राहते. शाफ्टला सोसणारी चूक त्याहून कितीतरी लहान असते. म्हणून जागा ठरवण्याचे काम दोन डॉवेल पिनांचे, किंवा एसएई हाउसिंगमध्ये आतल्या गोल कडेचे असते. बोल्ट फक्त आवळून धरतात. पिना हरवल्या म्हणून नुसत्या बोल्टवर हाउसिंग बसवणारे मेकॅनिक जगात सगळीकडे आहेत, आणि त्यांच्याकडे तेच गिऱ्हाईक पुन्हा येते.

अक्ष जुळला का, हे डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी डायल गेज लागतो. क्लच न लावता रिकामे हाउसिंग ब्लॉकवर आवळायचे. गेजचा चुंबकी स्टँड फ्लायव्हीलवर किंवा क्रँकच्या फ्लॅन्जवर बसवायचा आणि काट्याचे टोक हाउसिंगच्या मधल्या गोलाच्या आतल्या कडेला टेकवायचे. मग क्रँक हाताने सावकाश पूर्ण एक फेरी फिरवायचा. काट्याच्या सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकड्यांतला फरक म्हणजे ‘एकूण रनआउट’. पिकअपसारख्या गाड्यांच्या मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी तो ०.००५ इंच, म्हणजे सुमारे ०.१३ मिमीच्या आत हवा, असा सर्वमान्य दंडक आहे. काही अवजड डिझेल इंजिनांच्या पुस्तिका यापेक्षा थोडी जास्त मोकळीक देतात, तिथे पुस्तिकेचा आकडा प्रमाण.

नवखे इथेच एक हिशेब चुकतात. गेजवर दिसणारा फरक हा प्रत्यक्ष सरकलेल्या अंतराच्या दुप्पट असतो. हाउसिंग ०.१८ मिमी डावीकडे सरकले असेल तर काटा एका बाजूला ०.१८ कमी आणि समोरच्या बाजूला ०.१८ जास्त दाखवतो, एकूण ०.३६. म्हणजे ०.१३ मिमीची मर्यादा पाळायची तर अक्षांमधले खरे अंतर ०.०६५ मिमीच्या आत ठेवावे लागते. डोक्याच्या केसाची जाडीही साधारण तेवढीच.

चूक निघाली तर दुरुस्ती काय? हाउसिंग घासायचे नसते. बाजारात ‘ऑफसेट’ डॉवेल मिळतात. त्यांचा अर्धा भाग ब्लॉकमध्ये बसतो आणि बाहेरचा अर्धा भाग थोडा बाजूला सरकवलेला असतो. ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंच ही त्यांची नेहमीची मापे. वरच्या उदाहरणात एकूण रनआउट ०.३६ मिमी होता, म्हणजे ०.१८ मिमीचा, अर्थात ०.००७ इंचाचा डॉवेल घ्यायचा. दोन्ही डॉवेल एकाच दिशेने फिरवून बसवायचे आणि पुन्हा मोजायचे. पहिल्याच फटक्यात जमेल असे नाही. तीन-चार वेळा हाउसिंग उतरवून चढवावे लागते आणि एका दुपारचे काम दोन दिवसांवर जाते. मधल्या गोलाचे झाल्यावर गेजचे टोक हाउसिंगच्या मागच्या सपाट तोंडावर टेकवून तेही क्रँकशी काटकोनात आहे का, ते पाहायचे. अॅडाप्टर प्लेट घातली असेल तर या दोन्ही तपासण्या प्लेटसकट करायच्या, कारण प्लेट हा चुकीला वाव देणारा आणखी एक सांधा असतो.

खोलीचे गणित इतके नाजूक का?

अक्ष आडव्या-उभ्या दिशेने जुळला, आता पुढे-मागे. इनपुट शाफ्टचे टोक क्रँकच्या मागच्या भोकातील छोट्या पायलट बेअरिंगमध्ये बसते. या टोकाला तिथे आधार मिळतो. अॅडाप्टर प्लेट २० मिमी जाडीची असेल, तर गिअरबॉक्स २० मिमी मागे जातो आणि तेवढेच ते टोकही. मग ते पायलट बेअरिंगमध्ये जेमतेम टेकते किंवा टेकतच नाही. त्यासाठी क्रँक आणि फ्लायव्हील यांच्यात त्याच मापाचा स्पेसर घालावा लागतो किंवा पुढे आलेले खास पायलट बेअरिंग बनवून घ्यावे लागते.

उलटी चूक जास्त घातक. शाफ्ट लांब पडला आणि त्याचे टोक भोकाच्या तळाला टेकले, तर बोल्ट आवळताना गिअरबॉक्स क्रँकला पुढे ढकलतो. क्रँकला पुढे-मागे धरून ठेवणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर सतत दाब येतो आणि इंजिन आतून खराब होते. बोल्ट आवळून हाउसिंगमधली फट मिटवायची नाही, हा नियम जुन्या फिटरांच्या तोंडी असतो, त्याचे कारण हेच. हाताने ढकलून तोंडाला तोंड लागले पाहिजे. फट राहिली तर आत काहीतरी अडले आहे, ते शोधायचे.

क्लच प्लेट ही या जोडातली दुभाषी म्हणावी लागेल. तिचा बाहेरचा व्यास इंजिनाच्या फ्लायव्हीलप्रमाणे आणि मधले दात गिअरबॉक्सच्या शाफ्टप्रमाणे. जनरल मोटर्सच्या अनेक जुन्या मॅन्युअल गिअरबॉक्सच्या शाफ्टवर दहा दात असतात आणि व्यास १⅛ इंच. दुसऱ्या कंपनीचा गिअरबॉक्स घेतला की हे बदलते. त्यामुळे प्लेट एका यादीतून, प्रेशर प्लेट दुसऱ्या यादीतून आणि रिलीज बेअरिंग तिसऱ्या यादीतून, असा बाजार होतो. या सगळ्यांची एकावर एक मिळून होणारी उंची जमली नाही, तर पेडल तळापर्यंत दाबूनही क्लच सुटत नाही. मोजमाप कोरड्या जोडणीतच, गिअरबॉक्स वर चढवण्याआधी झालेले बरे.

चढवताना आणखी एक चूक घडते. पिकअपमधला ‘एनव्ही४५००’सारखा पाच गिअरचा गिअरबॉक्स जवळपास ८८ किलोचा असतो. शाफ्ट प्लेटच्या दातांत गेला की हात भरून आलेला मेकॅनिक गिअरबॉक्स क्षणभर तसाच लोंबकळत ठेवतो. सगळे वजन प्लेटच्या मध्यावर येते आणि ती वाकते. गाडी सुरू झाल्यावर क्लच थरथरतो आणि दोष नव्या प्लेटला दिला जातो.

ऑटोमॅटिक असेल तर सोपे का?

वरवर पाहता हो, कारण पायलट बेअरिंग आणि पेडल नाही. पण टॉर्क कन्व्हर्टरची स्वतःची खोली असते. तो गिअरबॉक्सच्या पुढच्या पंपात पूर्ण बसला, तर हाउसिंग टेकल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट यांच्यात साधारण ३ ते ५ मिमी अंतर उरते आणि कन्व्हर्टर तेवढाच पुढे ओढून बोल्ट लावायचे असतात. अंतर शून्य असेल, तर कन्व्हर्टर पंपात पुरता बसलेला नाही किंवा मापच चुकले आहे. तसेच आवळून इंजिन सुरू केले की गिअरबॉक्सचा पंप काही सेकंदांत फुटतो. हजार-दीड हजार डॉलरचे काम एका सेल्फमध्ये वाया गेल्याच्या कहाण्या बहुतेक अशाच असतात.

दुसरी मेख इंजिनाच्या जातीत आहे. पेट्रोल इंजिनाला थ्रॉटल असतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये निर्वात दाब तयार होतो. जनरल मोटर्सचा ‘टीएच४००’सारखा जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्या दाबावरून इंजिनावर किती भार आहे ते ओळखतो आणि गिअर कधी बदलायचा ते ठरवतो. डिझेलला असा थ्रॉटल नसतो, निर्वात दाबही नसतो. मग वेगळा व्हॅक्यूम पंप आणि तो दाब पेडलनुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह लावावा लागतो. ब्रेक बूस्टरचीही तीच कथा. नंतरच्या काळातला इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्स घेतला, तर यांत्रिक पंपाच्या डिझेलजवळ त्याला माहिती द्यायला संगणकच नसतो. स्वतंत्र कंट्रोलर आणि पेडलची स्थिती सांगणारा सेन्सर, दोन्ही घ्यावे लागतात.

जोडले, पण गाडी पळेल का?

पेट्रोल व्ही-८ चार-पाच हजार फेऱ्यांपर्यंत आनंदाने फिरतो, तर हे डिझेल अडीच हजारांच्या पुढे फारसे जात नाही. त्यामुळे मागच्या अॅक्सलचे गुणोत्तर मुळावर येते. चाकाचा घेर २.४ मीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ६९४ फेऱ्या घेते. अॅक्सल ४.१० गुणोत्तराचा असेल आणि गिअर सरळ एकास एक असेल, तर इंजिनाला २,८४७ फेऱ्या लागतील. म्हणजे महामार्गावर इंजिन कायम शेवटच्या दमावर. त्याच गाडीत ०.७३ चा ओव्हरड्राइव्ह गिअर असेल तर आकडा २,०७८ वर येतो. ओव्हरड्राइव्ह नको असेल तर अॅक्सल बदला. ३.०७ गुणोत्तरावर एकास एक गिअरमध्ये २,१३२ फेऱ्या होतात. डॉजने सुरुवातीच्या काळात कमिन्ससोबत तीन गिअरचा ऑटोमॅटिक दिला, तेव्हा ३.०७ चाच अॅक्सल वापरला होता.

टॉर्कचे गणित याच्या उलट बाजूने त्रास देते. ५४२ न्यूटन-मीटरचा टॉर्क ५.६१ गुणोत्तराच्या पहिल्या गिअरमधून गेला की ३,०४० होतो आणि ३.५४ च्या अॅक्सलनंतर दहा हजारांच्या पुढे जातो. अर्धा टन वाहणाऱ्या पिकअपचा मूळ गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्ट यासाठी बनलेले नसतात. शिवाय डिझेलचा टॉर्क गुळगुळीत येत नाही, प्रत्येक स्फोटागणिक ठोका बसतो. चार सिलिंडरच्या ४बीटीत हे ठोके आणि थरथर सहा सिलिंडरपेक्षा जास्त. पेट्रोल इंजिनामागे वर्षानुवर्षे गप्प राहिलेला गिअरबॉक्स डिझेलमागे खडखडू लागतो तो यामुळे.

चासीत बसवताना पुन्हा कोनांचा प्रश्न येतो. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडून एकत्रच लटकवायचे, रेडिएटर, स्टीअरिंग आणि फायरवॉल यांच्या मधली जागा पाहायची आणि मगच माउंटिंग वेल्ड करायचे. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाचा उतार आणि मागच्या अॅक्सलच्या पिनियनचा कल साधारण समांतर हवेत, आणि प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही क्रॉसवरचे कोन सारखे व तीन अंशांच्या आसपास किंवा कमी. मात्र कोन अगदी शून्यही नको, कारण मग क्रॉसमधल्या सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पडतात. माउंटिंग आधी वेल्ड करून नंतर गिअरबॉक्स ‘बसवून घेणारे’ पुढे अर्धा दिवस ग्राइंडर चालवताना दिसतात.

चूक कशी ओळखायची?

आवाजाच्या वेळेवरून बरेच कळते. क्लच पूर्ण दाबून गाडी गिअरमध्ये उभी असताना घर्र आवाज आला, तर संशय पायलट किंवा रिलीज बेअरिंगवर. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर आवाज येत असेल, तर इनपुट शाफ्टच्या पुढच्या बेअरिंगवर. पायलट बेअरिंग काही हजार किलोमीटरमध्येच झिजणे, क्लच प्लेटचा मध्य तडकणे, पुढच्या सीलमधून तेल झिरपणे, गिअर आपोआप सुटणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर नवे भाग आणण्याआधी गिअरबॉक्स उतरवून डायल गेज लावावा. अक्षच तिरका असेल तर तिसरे बेअरिंगही तितकेच टिकेल.

काही चुका खिशापुरत्या राहत नाहीत. फ्लायव्हील आणि क्लच चालकाच्या पायांपासून हातभर अंतरावर फिरत असतात. चुकीचे, तडा गेलेले किंवा मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरवलेले फ्लायव्हील फुटले तर साधे अॅल्युमिनियमचे हाउसिंग त्याला अडवू शकत नाही. अमेरिकेतील ड्रॅग रेसिंगचे ख्यातनाम चालक डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा दोन गिअरचा ट्रान्समिशन मार्च १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर सुटताक्षणी फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. रुग्णालयातून परतल्यावर त्यांनी इंजिन चालकाच्या मागे बसवलेली गाडी तयार केली आणि पुढे त्या शर्यतींची रचनाच बदलली. शर्यतीच्या गाड्यांत आता या भागाभोवती पोलादी कवच सक्तीचे असते. घरच्या प्रोजेक्टमध्ये अशी सक्ती करणारे कोणी नसते.

भारतात हे चालते का?

ही इंजिने आपल्याला परकी नाहीत. कमिन्सचा पुण्यातला कारखाना १९६२ पासूनचा, किर्लोस्करांच्या भागीदारीत सुरू झालेला. टाटा आणि कमिन्स यांचा संयुक्त उपक्रम १९९३ मध्ये जमशेदपूरला उभा राहिला, नंतर सातारा जिल्ह्यात फलटणलाही त्यांचा कारखाना आला. ५.९ लिटरचे ६बीटी टाटाच्या कितीतरी ट्रकमधून महाराष्ट्राच्या रस्त्यांवर धावले आहे. इंजिन बदलण्याची हौसही नवी नाही. जुन्या विलीज जीपमधले पेट्रोल इंजिन काढून बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचे डिझेल बसवणारी गॅरेज एके काळी गावोगावी होती आणि अॅडाप्टर प्लेट जवळच्या लेथवाल्याकडून कापून घेतली जाई.

कायदा मात्र स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात हाच अर्थ ठामपणे सांगितला. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर वाहन चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याची वाट कायद्याने खुली ठेवली आहे, पण तिथेही मंजुरी आणि नोंद लागते. इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर असतो. तो जुळला नाही, तर फिटनेस तपासणीत वाहन अडते आणि अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारण्याचे कारण मिळते. अमेरिकेतही मोकळे रान नाही. कॅलिफोर्नियात बदललेले इंजिन गाडीच्याच वर्षाचे किंवा त्याहून नवे असावे लागते, त्याची सर्व प्रदूषण नियंत्रक साधने जागेवर असावी लागतात आणि सरकारी तपासनीसाकडून गाडी पास करून घ्यावी लागते.

आपल्याकडे ट्रकमालकाला कायद्याच्या चौकटीत करता येण्यासारखे काम म्हणजे खराब झालेल्या इंजिनाच्या जागी त्याच मॉडेलचे दुसरे इंजिन आरटीओची मंजुरी घेऊन बसवणे आणि नवा क्रमांक आरसीवर चढवून घेणे. तेव्हा भोके जुळवण्याचा प्रश्न येत नाही, अॅडाप्टर प्लेटही लागत नाही. पण ब्लॉक बदललेला असतो आणि जुने हाउसिंग त्या ब्लॉकवर पहिल्यांदाच बसणार असते, त्यामुळे गिअरबॉक्स चढवण्याआधी डायल गेज तिथेही लावावा लागतो.